दोन पिंपं जास्त

पेडणे, ५ ऑक्टोबर २०२५

काका, नमस्कार.

आधी उजेडाला जनेलाशी कदेल ओढून बसा, चष्मा लावा आणि काकूला चहा ठेवायला सांगा. पत्र लांब आहे. अर्ध्यात फाडायचं नाही, माझी शपथ आहे.

फोनवर बोलावं तर तीस वर्षं खाणीतल्या पंपाशेजारी उभं राहून तुमचे कान गेलेले. समोरच्याचे ओठ तुम्ही वाचता, पण फोनला ओठ नसतात. मोबाइलवर लिहावं तर तुम्ही म्हणणार, काचेवरचं लिखाण खरं नसतं. म्हणून गौरेशच्या हाती कागदच पाठवते. मोपाला आमच्या विमानतळाच्या कर्मचाऱ्यांची बस तोच चालवतो आणि दोन-तीन दिवसांनी कारापूरला घरी येतो, म्हणजे टपाल घरचंच झालं.

तर ऐका. एप्रिलमध्ये मी ट्रेनिंगला म्हणून मालवणला गेले होते. ट्रेनिंगच होतं, पण विमानतळाचं नव्हतं. मी स्कूबा शिकले. पाठीला हवेची टाकी बांधायची, तिच्यातून श्वास घेत समुद्रात खाली जायचं. परीक्षा पास झाले. कार्ड आलंय, त्यावरचा फोटो मात्र चोरासारखा आलाय.

तुम्ही मला शाळेच्या सहलीबरोबर हरवळ्याच्या धबधब्यावरसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. विहिरीपाशी पाच मिनिटं जास्त झाली की हाका मारायचात. का, ते मला ठाऊक आहे. बाबा खाणीच्या खड्ड्यात बुडाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. पंधरा वर्षं मला पाण्याची भीती वाटत आली, काका. एक दिवस वाटलं, जिची एवढी भीती वाटते ती जागा आतून बघून तरी यावी.

आता मोसम सुरू झालाय. मला शिकवणारे योगेश सर म्हणतात, भाड्याची जॅकेटं पुरे झाली, स्वतःचं पहिलं जॅकेट घे. टाकी ह्या जॅकेटलाच बांधतात आणि पाण्याखाली त्यात हवा भरता-सोडता येते. पगार आहे माझा, पैसे नकोत. तुमचा होकार हवा. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर सांगेन. नाही म्हणालात तर कार्ड कपाटात ठेवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

तुमची सुविधा

कारापूर, ९ ऑक्टोबर

सुविधा,

शिरां पडो तुझ्या त्या ट्रेनिंगवर!

पत्र फाडलं नाही, कारण तू शपथ घातलीस. पण चुरगळून जनेलातून भिरकावलं. काकूने अंगणातून उचलून आणलं, हाताने सपाट केलं आणि परत माझ्यासमोर ठेवलं. चहा गेला थंड.

गो बाये, एवढं धाडस तुझ्यात आलं कुठून? माझ्या भावाला, सगुणाला, पोहता येत नव्हतं. पाण्याकडे बघितलं तरी त्याचे पाय आखडायचे. आणि त्याची पोर समुद्राच्या तळाशी जाऊन परीक्षा देते! दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी काकू म्हणाली, तिने विचारलं तरी, न विचारता गेली असती तर काय करणार होता?

तेव्हा हो म्हणतो. पण एक अट आहे. जॅकेट मी सांगेन ते. बाजारात असेल त्यातलं मोठ्यात मोठं, ज्यात सगळ्यांत जास्त हवा मावते असं. ह्या बाबतीत तू मला अक्कल शिकवायची नाही. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप कशावर ठेवतात? पिंपांच्या तराफ्यावर. ते तराफे बांधण्यात माझा जन्म गेला. पाण्यावर वस्तू कशी ठेवायची ते मला कळतं.

तुझ्या आईला मीच सांगतो. तू सांगशील तर रडारड होईल.

काका

पेडणे, १३ ऑक्टोबर

काका,

तुमचा ‘हो’ वाचून मी चेक-इनच्या काउंटरवर एवढी हसले की समोरच्या प्रवाशाने स्वतःच्या तिकिटाकडे दोनदा बघितलं.

पण अटीबद्दल बोलायला हवं. रागावू नका. हे जॅकेट होडीतल्या लाइफ जॅकेटसारखं नसतं. ते माणसाला वर ठेवायचं, बस. ह्याचं काम वेगळं. खाली गेलं की पाण्याच्या दाबाने हवा आकसते आणि आपण आणखी खाली जायला लागतो, म्हणून चिमूटभर हवा भरायची. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून सोडत राहायचं. धड वर नाही, धड खाली नाही, असं मधे थांबता आलं पाहिजे. ते जमलं ना काका, की अंगाला वजनच राहत नाही. मासे बाजूने जातात आणि आपली दखलही घेत नाहीत.

मी तीन जॅकेटं घालून बघितली. एकात हवेची पिशवी फक्त पाठीवर होती. खाली छान आडवं राहता येतं, पण वर आलं की तोंड पुढे पाण्यात ढकललं जातं, मला ते आवडलं नाही. दुसरं कमरेभोवती आणि काखेखाली हवा धरतं, वर निवांत उभं राहता येतं. पण ते मोठं होतं. तिसरं त्याच जातीचं, लहान मापाचं, पाठ आखूड असलेल्या बायकांसाठी केलेलं. सरांनी टाकी लावून मला ओणवं केलं आणि खांदे धरून गदागदा हलवलं. दुसरं जॅकेट माझ्या कानापर्यंत आलं, तिसरं जागचं हललं नाही. तेच घ्यायचं मनात आहे.

आईला माप विचारणार होते. गावातल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजची मापं तिच्या वहीत आहेत, माझंही असेलच. पण आधी तुमचं तिच्याशी बोलणं होऊ दे. तोवर थांबते.

सुविधा

कारापूर, २४ ऑक्टोबर

चि. सुविधा,

दिवाळीला सुट्टी नाही म्हणालीस. भाऊबीजही गेली. घरात तुझा आवाज नव्हता आणि तो एकच आवाज मला थोडाफार ऐकू येतो. काकूचे फोव म्हणजे ओले पोहे, टिकायचे नाहीत म्हणून चिवडा आणि चकल्या पाठवल्या आहेत. चकल्या वाकड्या झाल्यात, तुझ्या आईने केल्या, तिचं लक्ष नव्हतं.

तिला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. हातातला हुक लावून झाला, मग म्हणाली, ‘भावोजी, तुम्ही हो म्हणालात ना? मग माझं काही नाही. पाण्यातलं तुम्हाला कळतं.’ एवढंच.

गौरेशकडे मोठी पिशवी दिली आहे, ती उघड. बेतीच्या धक्क्यावर माझ्या ओळखीचा एक जण बोटींचे तळ घासायला पाण्यात उतरायचा. आता त्याचे गुडघे गेले. त्याचं जॅकेट मी आणलं. एक्स्ट्रा लार्ज! अंगणात हवा भरून बघितलं, दोन तास ठेवलं, कुठेही गळत नाही. मी स्वतः साबणाचं पाणी लावून तपासलं.

तुझं मधे थांबायचं पुराण वाचलं. मला पटलं नाही. माणूस वरच हवा. मोठं आहे म्हणून कुरकुर करू नकोस, पट्टे आवळून घे.

काका

पेडणे, ३ नोव्हेंबर

काका,

जॅकेट मिळालं. काल मालवणला घालून उतरले. छान आहे. पट्टे आवळले की बसतं.

चकल्या संपल्या, वाकड्या होत्या म्हणून जास्त गोड लागल्या. आईला सांगा.

इथे काम फार आहे म्हणून थोडंच लिहिते.

सुविधा

कारापूर, ७ नोव्हेंबर

सुविधा,

गौरेश काल म्हणाला, तुझ्या कानात कापूस आहे आणि दोन दिवस तू कामावर नव्हतीस. तू मला लिहितेस, छान आहे.

मी बहिरा आहे, आंधळा नाही. तुझं पत्र चार ओळींचं होतं. चार ओळींचं पत्र तू आयुष्यात लिहिलेलं नाहीस. शाळेतून आंब्याचा निबंध आणायचीस तो सुद्धा तीन पानी.

काय झालं ते सगळं लिही. कमी लिहिलंस तर मी गौरेशच्याच बसमध्ये बसून पेडण्याला येईन.

काका

पेडणे, ११ नोव्हेंबर

काका,

येऊ नका, लिहिते. आणि आधी सांगते, मी बरी आहे. डॉक्टर म्हणाले पडदा शाबूत आहे, तीन आठवडे पाणी बंद.

सरांनी जॅकेट बघताच नको म्हटलं होतं. मीच हट्ट केला. म्हटलं, काकांनी दिलंय, एकदा तरी घालून उतरणार. तुम्ही साबणाचं पाणी लावून तपासलेलं जॅकेट मी पिशवीतच ठेवलं असतं तर मला चैन पडलं नसतं.

पहिली अडचण ही की मी खालीच जाईना. एवढ्या मोठ्या जॅकेटात कुठे ना कुठे हवा अडकून राहायची. म्हणून कमरेला दोन शिशाचे तुकडे जास्त लावले. मग खाली गेल्यावर त्या वजनाने मी बुडायला लागले, म्हणून आणखी हवा भरली. पट्टे होते तेवढे आवळले होते, तरी जॅकेट अंगावर फिरत होतं. टाकी एका बाजूला घसरली, सगळी हवा दुसऱ्या बाजूला पळाली आणि तिने मला उलथं केलं. डोकं खाली, पाय वर. हवा सोडायचं बटण कुठे गेलं ते सापडेना. तशीच वर सुटले, आणि वर येता येता ती हवा आणखी फुगत गेली. सरांनी पाय धरून वेग कमी केला नसता तर कानावर निभावलं नसतं. सात मीटरच खोल होतं म्हणून बरं.

ह्यात तुमची चूक नाही. तुम्ही मायेने दिलं. पण काका, एक गोष्ट मला त्या दिवशी अंगावर कळली. वर ठेवायला म्हणून जी जास्तीची हवा दिली होती, तिनेच मला उलथवलं. जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षित, असं नसतं. इतके तराफे बांधलेत तुम्ही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

खोटं लिहिलं त्याबद्दल माफी. तुम्हाला वाईट वाटू नये एवढंच मनात होतं.

सुविधा

कारापूर, १६ नोव्हेंबर

सुविधा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेवटचा भाग तर त्याहून जास्त. हो, मला ठाऊक आहे. पंधरा वर्षं ठाऊक आहे.

आता मी लिहितो ते एकटी असताना वाच.

मे महिना संपत आला होता. पाऊस यायच्या आत खड्ड्यात मोठा पंप बसवायचा होता. तराफा आठ पिंपांचा. आठ पुरेशी होती, तेवढ्यावर तोच पंप आधी दोन पावसाळे चालला होता. पण त्या वर्षी सगुणाची बदली माझ्या टोळीत झाली. पंपाला पाइप जोडायला त्यालाच तराफ्यावर चढायचं होतं आणि त्याला पोहता येत नव्हतं. मला वाटलं, माझा भाऊ वर जाणार आहे, त्याचे पाय ओलेसुद्धा व्हायला नकोत. म्हणून कुणाला न विचारता मी दोन रिकामी पिंपं आणली आणि तराफ्याखाली बरोबर मधोमध बांधली.

तराफा चार बोटं वर आला. मी खूश झालो. सगुणाने विचारलं, ‘दादा, दोन जास्त कशाला?’ मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी.’ तो हसला.

मधल्या पिंपांनी सगळा भार घेतला होता, आणि कडेची पिंपं पाण्याला जेमतेम टेकत होती. ती कडेचीच पिंपं तराफ्याला सावरून धरतात. हे मला कळायला हवं होतं, तेच माझं काम होतं. सगुण पाइपाचा क्लॅम्प आवळायला कडेला गेला. तराफा कलला, पंप घसरला आणि सगळं उलटं झालं. लाल पाणी, काही दिसत नव्हतं. मी तीनदा उडी मारली. तीनदा रिकामा वर आलो.

नंतर साहेबांनी लिहिलं, पिंप गळकं होतं. मी वाचलं आणि खाली सही केली. तुला, तुझ्या आईला, सगळ्यांना मी तेच सांगितलं. गळकं काही नव्हतं. मीच होतो. आणि पंधरा वर्षांनी तुझ्यासाठी अंगणात बसून मी पुन्हा तेच केलं. एवढं होऊन मला अक्कल आली नाही.



शिवदास काका

कारापूर, १ डिसेंबर

सुविधा,

गौरेश पाच वेळा येऊन गेला. दर वेळी मी फाटकापाशी उभा असतो. तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ सांगतो.

लिहू नये असं वाटलं तर लिहू नकोस. कान बरा झाला का, तेवढं गौरेशला सांग. तो मला खुणेने सांगेल.

काका

पेडणे, १२ डिसेंबर

काका,

कान बरा आहे.

तुमच्यावर मला फार राग आला. अजून आहे. तुम्हाला आठवतं, बाबा गेल्यावर मी घरातलं पाण्याचं पिंप रोज वाकून बघायचे? बोटाने ठोकायचे, खालची जमीन ओली आहे का ते चाचपायचे. काकू म्हणायची, पोरीला काय खूळ लागलंय. तुम्ही तिथेच बसलेले असायचात. तुम्ही बघत होतात, काका, आणि बोलला नाहीत. बाबांना जे झालं त्याच्यापेक्षा मला ह्याचाच राग जास्त आला. लहानपणभर मी एका पिंपाचा दुस्वास केला आणि त्या पिंपाला भोकच नव्हतं.

तीन आठवडे मी पत्र लिहायला घेतलं आणि टाकून दिलं. एका कागदावर तर एवढं वाईट लिहिलं होतं की तो जाळला.

मग रविवारी पुन्हा मालवणला गेले. भाड्याचं जॅकेट, माझ्या मापाचं. पाण्यात शिरल्यावर, खाली जायच्या आधी सर एक गोष्ट करायला लावतात. जॅकेटमधली सगळी हवा सोडायची, श्वास भरून धरायचा आणि तरंगत उभं राहायचं. पाणी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, म्हणजे कमरेचं वजन बरोबर. अर्धी दुनिया वरची दिसते, अर्धी खालची. तशी उभी असताना मला तुमचं ‘तुझ्यासाठी’ आठवलं आणि मास्कच्या आत रडू आलं. बाबा हसले होते, असं तुम्ही लिहिलंत. ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवसातलं एवढं तरी मला मिळालं.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. जे माझ्याबाबतीत केलंत, तेच त्यांच्याबाबतीत केलंत. माझ्या हातात एवढंच आहे की मी तुमच्याशी बोलणं सोडणार नाही. ते मी ठरवलंय.

पण आईला मी सांगणार नाही, आणि तुम्हीही लपवायचं नाही. ती अजून म्हणते, पाण्यातलं भावोजींना कळतं. हे तुमच्या तोंडून तिला कळलं पाहिजे. ते होईपर्यंत मी नवीन जॅकेट घेणार नाही आणि पाण्यातही उतरणार नाही. ही माझी अट. तुम्ही घातलीत, तशी मीही घालते.

सुविधा

कारापूर, १८ डिसेंबर

चि. सुविधा,

सांगितलं.

रविवारी सकाळी तुझी आई आदोळीवर नारळ किसत बसली होती. मी समोर पाटावर बसलो. साठी उलटल्यावर माणूस एवढा घाबरतो हे मला माहीत नव्हतं. तुला लिहिलं होतं तेच सगळं सांगितलं, एकही शब्द कमी केला नाही. जास्तीच्या दोन पिंपांपर्यंत आलो तेव्हा तिने हात थांबवला. मग विचारलं, ‘त्यांनी विचारलं नाही, जास्त कशाला म्हणून?’ मी म्हटलं, ‘विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी. तो हसला.’

तिने अख्खा नारळ किसून संपवला. उठली आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला ऐकू येत नाही, तरी ती बोलत नाही हे मला घरभर कळत होतं. जेवण काकू वाढायची. मी कदेल घेऊन बाहेर बसायचो. पंधरा वर्षं छातीवर ठेवलेलं उतरलं होतं, पण हलकं काही वाटत नव्हतं. मी मनाची तयारी केली की आता ह्या घरात असंच चालणार, आणि ते बरोबरच आहे.

काल दुपारी ती शिवणाची वही घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहून एक पान फाडलं. ती वहीचं पान कधी फाडत नाही, तुला ठाऊक आहे. पान माझ्या हातात दिलं, वाकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

‘भावोजी, ह्या खेपेला मापाचं आणा.’

मग आत जाऊन माझा चहा घेऊन आली. मी तिथेच रडलो, गो. गौरेश फाटकात उभा होता, त्यानेही बघितलं. बघू दे.

मी आणत नाही. तूच घे, ते तिसरं, जागचं न हललेलं. विकत घेताना मला बरोबर ने, मी कोपऱ्यात गप्प उभा राहीन. सर तुझे खांदे धरून हलवतील ते मला बघायचं आहे. आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत येतं म्हणालीस, ते काठावरून दिसत असेल तर तेही दाखव.

पान सोबत जोडलं आहे. छाती, कंबर, खांद्यापासून कमरेपर्यंतची पाठ, सगळं आईच्या अक्षरात आहे. कंबर गेल्या चतुर्थीची आहे. त्यानंतर चकल्या खाल्ल्यास, तेव्हा एकदा परत मोजून घे.

तुझा काका